ऑब्जेक्ट-ओरिएंटेड सॉफ्टवेअरवर संशोधन : सुरुवात कुठून करावी

‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड सॉफ्टवेअरचं विश्लेषण, चाचणी आणि डिझाइन’ असा विषय नोंदवला असेल तर तो आजच्या आज छोटा करा. एवढ्या पसाऱ्यात चार-पाच संशोधन गटांना जन्मभर पुरेल इतकं काम आहे. खाली दिलेला क्रम नव्याने संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी आहे. जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये बऱ्यापैकी कोड लिहिता येतो, पण पेपर कसा उभा राहतो हे अजून पाहिलेलं नाही, अशा वाचकाला समोर ठेवून तो लिहिला आहे. सगळीकडे एकच आग्रह दिसेल : टूलने दिलेला आकडा वापरण्याआधी त्यातला निदान एक स्वतः हाताने काढून पाहा.

पायरी १ : प्रश्न इतका छोटा करा की तो चुकीचा ठरू शकेल

‘डिझाइनची गुणवत्ता कशी सुधारावी’ या प्रश्नाचं उत्तर कधीच चुकत नाही, आणि म्हणूनच त्यावर संशोधन होत नाही. त्याऐवजी असं विचारा : ‘सबक्लासमधली ओव्हरराइड केलेली मेथड काढून टाकली, तर प्रकल्पात आधीपासून असलेल्या टेस्टपैकी एक तरी नापास होते का?’ इथे मोजायचं काय ते ठरलेलं आहे, कशावर मोजायचं तेही ठरलेलं आहे आणि उत्तर आपल्या अंदाजाच्या उलट येऊ शकतं.

प्रश्न लिहून झाला की त्याखाली एकक लिहा. क्लास, मेथड, कमिट (कोडमधल्या बदलाची एक नोंद) की अख्खा प्रकल्प? नवख्यांचे निम्मे गोंधळ इथेच होतात. मोजमाप क्लासचं घेतात आणि निष्कर्ष प्रकल्पाबद्दल काढतात.

पायरी २ : मोजकं, पण जुन्यापासून वाचा

या शाखेची मुळं ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आहेत. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी तिथे सिम्युला घडवली. क्लास, ऑब्जेक्ट आणि सबक्लास सिम्युला ६७ मध्येच होते. इतिहास इतका पुरे. वाचनाला बसताना मात्र पुढचे चार टप्पे चुकवू नका.

१९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी प्रोग्रामचे भाग कोणत्या निकषावर पाडावेत याची मांडणी केली. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एका भागात लपवावा, हा त्यांचा निकष आजही डिझाइनच्या प्रत्येक वादाच्या तळाशी सापडतो. १९८७ मध्ये बार्बरा लिस्कोव्ह यांनी सबक्लासने पॅरेंटची जागा घेताना कोणती वागणूक पाळावी हे सांगितलं आणि १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासोबत त्याला काटेकोर रूप दिलं. १९९० मध्ये ड्यूएन पेरी आणि गेल कायझर यांनी इन्हेरिटन्समुळे टेस्टिंगचं काम कमी होतं या समजाला धक्का दिला. १९९४ मध्ये श्याम चिदंबर आणि ख्रिस केमेरर यांनी क्लाससाठी सहा मोजमापं, म्हणजे मेट्रिक, मांडली : डब्ल्यूएमसी (मेथडचं एकूण वजन), डीआयटी (वारशाची खोली), एनओसी (थेट सबक्लास किती), सीबीओ (किती क्लासांशी जोडणी), आरएफसी (एका संदेशामुळे चालू शकणाऱ्या मेथड) आणि एलकॉम (एकसंधपणाचा अभाव). तुम्ही जे पेपर चाळाल त्यांतल्या बहुतेकांत ही सहा नावं कुठे ना कुठे भेटतीलच.

पेपर वाचताना सारांशावर थांबू नका. आधी मर्यादांचा भाग वाचा, मग मुख्य तक्ता पाहा आणि मग सुरुवातीला या. लेखकांना स्वतःच्या कामाबद्दल कशाची धाकधूक आहे हे आधी कळलं की बाकीचा पेपर वेगळा दिसतो. शिवाय तुमचा पुढचा प्रश्नही बहुधा तिथेच लपलेला असतो.

पायरी ३ : एक मेट्रिक कागदावर काढा

ही पायरी सगळ्यांत जास्त टाळली जाते. टूल चालवलं की दहा हजार क्लासांचे आकडे मिनिटात मिळतात, मग कागद कशाला? कशाला ते एका छोट्या क्लासवर पाहू.

‘खाते’ नावाचा क्लास घ्या. त्यात चार फील्ड : शिल्लक, व्याजदर, नाव, पत्ता. पाच मेथड : ‘जमा’ आणि ‘काढ’ फक्त शिल्लक वापरतात, ‘व्याज लाव’ शिल्लक आणि व्याजदर वापरते, ‘पत्ता बदल’ फक्त पत्ता वापरते आणि ‘लेबल छाप’ नाव आणि पत्ता वापरते.

एलकॉम म्हणजे क्लासच्या मेथडमध्ये एकसंधपणा किती कमी आहे त्याचं माप. चिदंबर-केमेरर यांच्या १९९४ च्या व्याख्येनुसार मेथडच्या सगळ्या जोड्या करायच्या. ज्या जोडीत एकही फील्ड सामाईक नाही अशा जोड्या मोजायच्या आणि त्यातून निदान एक फील्ड सामाईक असलेल्या जोड्या वजा करायच्या. उत्तर ऋण आलं तर शून्य धरायचं.

पाच मेथडच्या जोड्या होतात १०. जमा-काढ, जमा-व्याज, काढ-व्याज आणि पत्ता बदल-लेबल या ४ जोड्यांत काही ना काही सामाईक आहे, उरलेल्या ६ जोड्यांत काहीच नाही. ६ वजा ४, म्हणजे एलकॉम २. क्लासमध्ये पैशांचं काम आणि पत्त्याचं काम अशी दोन कामं कोंबली आहेत आणि आकडाही तेच सुचवतो. इथपर्यंत छान.

आता नाव, पत्ता आणि शिल्लक यांना प्रत्येकी एक गेटर जोडा. मेथड झाल्या ८, जोड्या २८. शिल्लकचा गेटर तीन मेथडशी जुळतो, पत्त्याचा दोनशी, नावाचा एकीशी. म्हणजे जुळणाऱ्या जोड्या १०, न जुळणाऱ्या १८ आणि एलकॉम ८. डिझाइन तसंच आहे, पण आकडा चौपट झाला.

आता गेटर काढा आणि चारही फील्ड भरणारा कन्स्ट्रक्टर मेथड म्हणून मोजा. मेथड ६, जोड्या १५. कन्स्ट्रक्टर पाचही मेथडशी जुळतो, त्यामुळे जुळणाऱ्या ९, न जुळणाऱ्या ६. वजाबाकी ऋण येते, एलकॉम शून्य. आकड्यावर विश्वास ठेवायचा तर हा क्लास आता आदर्श आहे!

एकच क्लास, आणि उत्तरं २, ८ आणि ०. कन्स्ट्रक्टर आणि गेटर मोजायचे की नाही हे प्रत्येक टूल आपापल्या परीने ठरवतं, आणि ते सांगतंच असं नाही. सीबीओचीही तीच गत : काही टूल आपण वापरलेले क्लास तेवढे मोजतात, काही आपल्याला वापरणारेही मोजतात. म्हणून निवडलेल्या प्रकल्पातले पाच-सहा क्लास घ्या, हाताने मोजा आणि टूलच्या उत्तराशी ताडून पाहा. फरक आला तर टूलचा सोर्स उघडा. टूलचं नाव, आवृत्ती आणि त्याने काय मोजलं हे तिन्ही पेपरमध्ये आलं पाहिजे.

१९९६ मध्ये व्हिक्टर बॅसिली, लायोनेल ब्रियांड आणि वॉल्सेलिओ मेलो यांनी ही सहा मोजमापं विद्यार्थ्यांनी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या आठ प्रणालींवर तपासली. कोणत्या क्लासमध्ये दोष निघतील हे ओळखायला सहापैकी पाच उपयोगी दिसली. मागे पडली ती एलकॉम. वरचं गणित स्वतः केलं असेल तर याचं नवल वाटत नाही.

पायरी ४ : कोण कोणाला बोलावतं?

कोड न चालवता त्याचा अभ्यास करायचा म्हणजे बहुतेक वेळा कॉल ग्राफ काढायचा, म्हणजे कुठली मेथड कुठल्या मेथडला बोलावते याचा बाणांचा नकाशा. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड कोडमध्ये तो अवघड का होतो? ‘खाते’ प्रकारच्या व्हेरिएबलवर ‘काढ’ बोलावलं तर नेमकी कुठली ‘काढ’ चालेल हे प्रोग्राम चालू असतानाच ठरतं.

समजा ‘खाते’ला चार सबक्लास आहेत आणि चौघांनी ‘काढ’ ओव्हरराइड केली आहे. १९९५ मधली क्लास हायरार्की अॅनालिसिस ही पद्धत वारसावृक्ष पाहते आणि सगळ्या शक्यता धरते. १९९६ मध्ये डेव्हिड बेकन आणि पीटर स्वीनी यांनी मांडलेली रॅपिड टाइप अॅनालिसिस विचारते की या प्रोग्राममध्ये यातल्या कुठल्या क्लासचे ऑब्जेक्ट कुठेतरी तयार होतात का? दोनच होत असतील तर बाकीचे दोन बाण गळतात. आणखी नेमकं हवं असेल तर कुठलं व्हेरिएबल कुठल्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवू शकतं ते शोधणारं पॉइंट्स-टू विश्लेषण, पण तिथे वेळ आणि मेमरी झपाट्याने वाढतात.

जावासाठी मॅकगिल विद्यापीठातून आलेलं सूट आणि आयबीएमच्या संशोधन केंद्रातून आलेलं वाला ही दोन्ही वापरात आहेत. कुठलंही घ्या, पण रिफ्लेक्शनकडे लक्ष ठेवा. क्लासचं नाव मजकूर म्हणून वाचून ऑब्जेक्ट बनवणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये ग्राफचे बाण गुपचूप गायब होतात आणि टूल तक्रारसुद्धा करत नाही. प्रोग्राम एकदा चालवून प्रत्यक्ष झालेले कॉल नोंदवा आणि ते ग्राफमध्ये आहेत का ते पाहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण पुढचे महिने वाचतात.

पायरी ५ : टेस्टिंग, म्हणजे इथली खरी खाण

नवीन माणसाला हाताशी येईल असं सगळ्यांत जास्त काम मला याच भागात दिसतं. कारण साधं आहे : ऑब्जेक्टला स्मरण असतं. इनपुट तेच असलं तरी आधी कुठल्या मेथड कुठल्या क्रमाने चालल्या यावर उत्तर बदलतं. पाच मेथडचे तीन-तीन कॉलचे क्रम १२५ होतात, पाच-पाचचे ३१२५, आणि यात आर्ग्युमेंट धरलेलीच नाहीत. यातले कुठले क्रम निवडायचे हाच एक जिवंत संशोधन प्रश्न आहे.

दुसरी अडचण इन्हेरिटन्सची. तोच ‘खाते’ क्लास घ्या आणि त्यात ‘मर्यादा’ ही मेथड घाला. ती शून्य परत करते. ‘काढ’ पाहते की शिल्लक आणि मर्यादा यांची बेरीज मागितलेल्या रकमेपेक्षा कमी आहे का. कमी असेल तर नकार देते. या मेथडच्या टेस्ट लिहिल्या, सगळ्या पास झाल्या. मग कुणीतरी ‘चालू खाते’ हा सबक्लास लिहितो आणि ‘मर्यादा’ ओव्हरराइड करतो. शिल्लक संपल्यावरही किती रक्कम उचलता येईल ते ती देते, आणि खातं गोठवलेलं असेल तर खूण म्हणून उणे १. ‘काढ’मधली एक ओळही बदललेली नाही. पण गोठवलेल्या खात्यात शिल्लक १००० असेल आणि ५०० मागितले, तर ९९९ ही बेरीज पुरेशी ठरते आणि पैसे निघतात. दोष दिसतो ‘काढ’मध्ये, जिला कुणी हातच लावला नव्हता.

पेरी आणि कायझर यांचं म्हणणं हेच होतं : वारशाने आलेली मेथड पॅरेंटमध्ये तपासली म्हणून सबक्लासमध्ये तपासायची सुटका होत नाही. लिस्कोव्ह यांच्या नजरेतून पाहिलं तर ‘मर्यादा कधीच ऋण नसते’ हा पॅरेंटचा अलिखित करार सबक्लासने मोडला आहे. एकच दोष डिझाइनचाही आहे आणि टेस्टिंगचाही. दोन्ही बाजू एकाच प्रश्नात धरता आल्या तर जरूर धरा.

आपल्या टेस्ट अशा गोष्टी पकडतात का, हे कसं कळणार? म्युटेशन टेस्टिंगने. कोडमध्ये मुद्दाम छोटी चूक पेरायची आणि एखादी टेस्ट नापास होते का ते पाहायचं. रिचर्ड डीमिलो, रिचर्ड लिप्टन आणि फ्रेडरिक सेवर्ड यांनी ही कल्पना १९७८ मध्ये मांडली. जावासाठी पिट हे टूल हाताळायला सोपं आहे, पण त्यातले नेहमीचे बदल मेथडच्या आतल्या अटी, गणित आणि परतावा यांवर होतात. ओव्हरराइड काढून टाकणं यासारखे क्लासच्या पातळीवरचे बदल म्यूजावा या टूलमध्ये आले. ‘चालू खाते’मधली ‘मर्यादा’ पुसून टाका. एकही टेस्ट नापास झाली नाही, तर त्या सबक्लासला खऱ्या अर्थाने कुणी तपासलेलंच नाही. पायरी १ मधला प्रश्न इथूनच आला होता.

एक खबरदारी : काही म्युटंट (चूक पेरलेल्या कोडच्या प्रती) दिसायला वेगळे पण वागायला मूळ कोडसारखेच असतात. त्यांना कुठलीच टेस्ट पकडू शकत नाही. ते ओळखण्याचा सर्वसाधारण, कायम चालणारा मार्ग नाही. नमुना घ्या, दोघांनी स्वतंत्रपणे तपासा आणि मतभेद किती झाले ते लिहा.

रँडूप आणि इव्होसूट ही टूल टेस्ट आपोआप तयार करतात. कव्हरेज (टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालला ते प्रमाण) भराभर वाढतं, विद्यार्थी खूश होतात. पण इव्होसूट असर्शन, म्हणजे टेस्टमधली ‘उत्तर हेच आलं पाहिजे’ ही ओळ, लिहिताना कोड आज जसा वागतो तेच बरोबर मानतं. कोडमध्ये आधीच दोष असेल तर तोही असर्शनमध्ये जाऊन बसतो. पुढच्या आवृत्तीत काही बिघडलं का हे पाहायला या टेस्ट चांगल्या, आजचा दोष शोधायला कमी उपयोगाच्या.

पायरी ६ : डेटा कुठला घ्यायचा

तयार संच वापरायचा असेल तर डिफेक्ट्स फॉर जे पासून सुरू करा. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा पाच जावा प्रकल्पांमधले ३५७ खरे दोष त्यात होते. पुढे तो वाढला. प्रत्येक दोषाची बिघडलेली आवृत्ती, दुरुस्त आवृत्ती आणि पहिलीत नापास पण दुसरीत पास होणारी निदान एक टेस्ट मिळते. कुठली आवृत्ती वापरली ते लिहायला विसरू नका.

स्वतः डेटा खणायचा असेल तर दुरुस्तीच्या कमिटवरून मागे जात दोष कधी शिरला ते शोधणारी एसझेडझेड पद्धत २००५ पासून वापरात आहे. मात्र प्रकल्पाकडे आलेल्या तक्रारींच्या नोंदींवर लावलेल्या लेबलवर डोळे मिटून विसंबू नका. किम हर्झिग, साशा जस्ट आणि आंद्रेआस झेलर यांनी २०१३ मध्ये पाच मुक्तस्रोत प्रकल्पांतल्या ७००० हून अधिक नोंदी हाताने तपासल्या. ‘बग’ म्हणून लावलेल्यांपैकी ३३.८ टक्के नोंदी मुळात बग नव्हत्याच. कुणाला नवीन सोय हवी होती, कुठे दस्तऐवज सुधारायचा होता. म्हणून तुमच्या डेटातल्या शंभरेक नोंदी स्वतः उघडून वाचा. कंटाळा येतो, पण पेपरमधलं सगळ्यांत भक्कम वाक्य बऱ्याचदा याच कामातून निघतं.

पायरी ७ : आकाराचा संशय आधी घ्या

मोठ्या क्लासमध्ये मेथड जास्त, कपलिंग (दुसऱ्या क्लासांवर अवलंबून असणं) जास्त आणि दोषही जास्त. मग कपलिंगमुळे दोष आले की दोन्ही गोष्टी आकारामागून आल्या? खालिद अल इमाम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दूरसंचार क्षेत्रातल्या एका मोठ्या सी प्लस प्लस प्रणालीवर हे पडताळलं. क्लासचा आकार हिशेबात धरल्यावर मेट्रिक आणि दोष यांच्यातला आधी दिसणारा संबंध टिकला नाही. टेस्टच्या बाबतीत २०१४ मध्ये लॉरा इनोझेमत्सेवा आणि रीड होम्स यांनी असंच काहीसं दाखवलं : पाच मोठे जावा प्रकल्प, ३१,००० टेस्ट-संच, आणि संचात किती टेस्ट आहेत हे स्थिर धरलं की कव्हरेज व परिणामकारकता यांचा संबंध कमी ते मध्यमच उरतो.

तेव्हा कुठलाही संबंध सापडला की पहिला प्रश्न हाच : ओळींची संख्या मॉडेलमध्ये घातल्यावर तो राहतो का? राहिला नाही तर तेही लिहिण्यासारखं आहे.

संख्याशास्त्राचं म्हणाल तर हे आकडे घंटेच्या आकारात बसत नाहीत. बहुसंख्य क्लास लहान आणि मोजके अवाढव्य असतात. सरासरीपेक्षा मध्यक द्या, सहसंबंधासाठी पिअर्सनपेक्षा क्रमांकांवर चालणारा स्पिअरमन वापरा, आणि पी-मूल्याबरोबर (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता तपासणारा आकडा) परिणाम किती मोठा आहे तेही सांगा. दहा हजार क्लास असले की क्षुल्लक फरकही ‘लक्षणीय’ निघतो.

पायरी ८ : डिझाइनवर काम करायचं असेल तर

इथे मोजायचा असतो तो माणूस. अमुक डिझाइन ‘समजायला सोपं’ आहे असा दावा केला की लोकांना बसवून कोड बदलायला लावणं आलं, वेळ आणि चुका मोजणं आलं, संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आली. पहिल्या वर्षात हे झेपणं कठीण. लुट्झ प्रेशेल्ट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये व्यावसायिक प्रोग्रामरांवर डिझाइन पॅटर्नचा (नेहमीच्या अडचणींसाठी ठरलेल्या रचनांचा) असा प्रयोग केला होता. देखभालीसाठी पॅटर्न बरा की साधी रचना, हे कामानुसार बदलताना दिसलं. नमुना म्हणून तो पेपर जरूर वाचा. सध्या मात्र प्रकल्पांच्या इतिहासात रिफॅक्टरिंग (वागणूक न बदलता कोडची रचना सुधारणं) शोधून त्याआधी आणि त्यानंतर काय बदललं ते मोजणं जास्त आवाक्यातलं आहे. त्यासाठी रिफॅक्टरिंग ओळखणारी टूल आहेत. पायरी ३ चा नियम त्यांनाही लागू.

पायरी ९ : लिहिणं आणि पाठवणं

प्रयोग संपायची वाट न पाहता पद्धतीचा भाग आधी लिहा. लिहिताना त्यातल्या फटी दिसतात. मर्यादा चार खणांत मांडायची प्रथा आहे : जे मोजायचं होतं तेच मोजलं का, कारण-परिणाम दुसऱ्याच कशामुळे दिसतो आहे का, संख्याशास्त्र बरोबर वापरलं का आणि निष्कर्ष इतर प्रकल्पांना लागू होतील का. ‘आम्ही फक्त जावा प्रकल्प पाहिले’ हे सगळेच लिहितात. जावाऐवजी स्मॉलटॉक किंवा पायथॉन असती तर नेमकं काय बदललं असतं, हे एका वाक्यात तरी सांगा.

कोड, कच्चा डेटा आणि एका आज्ञेत सगळे तक्ते पुन्हा काढणारी स्क्रिप्ट असं गाठोडं तयार ठेवा. गटातल्या दुसऱ्या कुणाला तरी ते कोऱ्या मशीनवर चालवायला द्या. पहिल्या फटक्यात ते क्वचितच चालतं.

कुठल्या परिषदेला पाठवायचं? टेस्टिंगचं काम असेल तर आयएसएसटीए किंवा आयसीएसटी, कोडच्या इतिहासातून निघालेलं असेल तर एमएसआर, देखभाल आणि उत्क्रांतीचं असेल तर आयसीएसएमई, भाषा आणि टाइप यांच्या जवळ जाणारं असेल तर इकूप किंवा ऊप्स्ला. गृहीतक खोटं ठरलं असेल किंवा जुना प्रयोग पुन्हा करून पाहिला असेल, तर सॅनर परिषदेत अशाच कामासाठी वेगळा विभाग असतो. जिथे पाठवणार तिथले मागच्या दोन वर्षांचे स्वीकारलेले पेपर आधी वाचा, म्हणजे किती पानं आणि किती पुरावा लागतो याचा अंदाज येतो.